अ‍ॅस्टोरिया : नाव शेठजींचे, गाव मजुरांचे

जॉन जेकब अ‍ॅस्टर आयुष्यात एकदाही अ‍ॅस्टोरियाला गेला नाही. जर्मनीतल्या वॉल्डॉर्फ नावाच्या खेड्यातल्या खाटकाचा हा मुलगा न्यूयॉर्कला आला, कातड्यांच्या व्यापारात शिरला आणि १८४८ मध्ये मेला तेव्हा अमेरिकेतला सगळ्यांत श्रीमंत माणूस म्हणून मेला. त्याने पाठवलेल्या माणसांनी १८११ मध्ये पॅसिफिकच्या किनाऱ्याजवळ, कोलंबिया नदीच्या मुखाशी, झाडे तोडून एक लाकडी गढी उभारली आणि तिला मालकाचे नाव दिले. रॉकी पर्वतांच्या पश्चिमेला अमेरिकनांनी केलेली आणि टिकलेली ही पहिली वसाहत. गावाला हे बिरुद फार प्रिय आहे आणि ते तिथे जागोजागी वाचायला मिळते.

आज ऑरेगॉन राज्याच्या वायव्य टोकावरच्या या शहरात जेमतेम दहा हजार माणसे राहतात. २०२० च्या जनगणनेत आकडा होता १०,१८१. शंभर वर्षांपूर्वी, १९२० मध्ये, तो चौदा हजारांच्या वर होता. अमेरिकेतली शहरे नुसती वाढतच जातात असे मानणाऱ्याने हे दोन आकडे शेजारी ठेवून पाहावेत. महाराष्ट्रातल्या एखाद्या मध्यम तालुक्याच्या गावात याहून जास्त वस्ती असते. तरीही या गावाच्या गल्ल्यांत चीनपासून फिनलंडपर्यंतची माणसे येऊन गेली, आणि भारताच्या स्वातंत्र्यलढ्याचे एक महत्त्वाचे पानही इथेच लिहिले गेले. त्या पानाकडे यायला थोडी वाट वाकडी करावी लागेल, कारण या गावात काहीही समजून घ्यायचे तर सुरुवात नदीपासूनच करावी लागते.

कोलंबिया कॅनडातल्या रॉकी पर्वतांत उगम पावते आणि सुमारे दोन हजार किलोमीटर वाहून पॅसिफिकला मिळते. उत्तर अमेरिकेतून पॅसिफिकमध्ये जाणारी ही सर्वांत मोठी नदी. अ‍ॅस्टोरियासमोर तिचे पात्र सहा किलोमीटरहून रुंद आहे. पलीकडचा किनारा वॉशिंग्टन राज्याचा, आणि धुके असले की तो दिसतही नाही. समुद्र इथून पंचवीसेक किलोमीटरवर. गावाच्या पाठीशी उभी टेकडी आणि पुढ्यात पाणी, त्यामुळे सपाट जागा अशी नाहीच. व्हिक्टोरियन धाटणीची जुनी लाकडी घरे उतारावर एकावर एक रचल्यासारखी दिसतात. टेकडीची माती भुसभुशीत, पाऊस अमाप, म्हणून उतार सरकतो. १९५० च्या दशकात दोन मोठ्या भूस्खलनांत डझनावारी घरे गेली. आजही काही रस्ते दर काही वर्षांनी नव्याने सरळ करावे लागतात.

पावसाचे तर विचारूच नये. वर्षाला साधारण सतराशे मिलिमीटर. मुंबईच्या मानाने आकडा कमीच. पण मुंबईचा पाऊस चार महिन्यांत आपले काम उरकून जातो, अ‍ॅस्टोरियाचा ऑक्टोबरपासून मेपर्यंत पिरपिरत राहतो. खंड ओलांडून पॅसिफिकपर्यंत पोचलेल्या लुईस आणि क्लार्क यांच्या तुकडीने १८०५-०६ चा हिवाळा इथून जवळच, फोर्ट क्लॅटसॉप या ठिकाणी काढला. त्यांच्या १०६ दिवसांच्या मुक्कामात अवघे बारा दिवस कोरडे गेले. कपडे कुजले, मांस नासले, पिसवांनी जीव नकोसा केला. वैताग त्यांच्या रोजनिशीत भरभरून उतरला आहे. मार्च उजाडताच त्यांनी परतीची वाट धरली.

आता मुखाकडे. जगातल्या बहुतेक मोठ्या नद्या समुद्राला मिळताना फाटे फुटून, पसरून, थकून मिळतात. कोलंबिया तशी मिळत नाही. तिचा सगळा लोंढा एका अरुंद तोंडातून सरळ महासागरावर आदळतो. समोरून हजारो किलोमीटर मोकळ्या पाण्यावरून आलेल्या पॅसिफिकच्या लाटा येतात. त्यात ओहोटीची वेळ असली, म्हणजे नदी आणि ओहोटी दोन्ही बाहेर ओढत असल्या, की लाटा एकदम उभ्या राहतात आणि फुटतात. खाली सतत जागा बदलणारे वाळूचे दांडे. या पट्ट्याला सारे नुसते ‘बार’ म्हणतात. १७९२ पासून इथे सुमारे दोन हजार लहानमोठ्या नौका बुडाल्याचे सांगतात, आणि ‘पॅसिफिकचे कब्रस्तान’ हे नाव त्यातूनच पडले. १९०६ मध्ये वाळूत रुतलेल्या ‘पीटर आयरडेल’ या ब्रिटिश गलबताचा गंजका सांगाडा जवळच्या किनाऱ्यावर अजून उभा आहे. त्या अपघातात एकही माणूस दगावला नाही, म्हणून लोक तिथे निःशंक मनाने फोटो काढतात.

अ‍ॅस्टरच्या माणसांचे नशीब एवढे चांगले नव्हते. त्यांचे ‘टॉनक्विन’ हे जहाज मार्च १८११ मध्ये मुखाशी आले तेव्हा समुद्र खवळलेला होता. कप्तान जोनाथन थॉर्न हा नौदलातून आलेला, हेकट माणूस. वाट शोधायला त्याने त्या लाटांत लहान होड्या सोडल्या. आठ माणसे गेली. जहाज आत आले, गढीचे काम सुरू झाले आणि थॉर्न व्यापारासाठी उत्तरेला व्हँकुव्हर बेटाकडे गेला. तिथे स्थानिक सरदाराचा अपमान केल्यावर झालेल्या हल्ल्यात बहुतेक सगळे मारले गेले आणि शेवटी दारूगोळ्याचा स्फोट होऊन जहाजच उडाले. अ‍ॅस्टरची योजना कागदावर झकास होती. कोलंबियाच्या खोऱ्यातली कातडी मुखाशी गोळा करायची, ती जहाजाने चीनमधल्या कँटनला न्यायची, तिथून चहा, रेशीम आणि चिनी मातीची भांडी न्यूयॉर्कला आणायची. पण १८१२ मध्ये ब्रिटनशी युद्ध पेटले, आणि १८१३ मध्ये अ‍ॅस्टरच्या भागीदारांनी गढी कॅनडातल्या प्रतिस्पर्धी कंपनीला विकून टाकली. नाव बदलून ‘फोर्ट जॉर्ज’ झाले. म्हणजे शेठजींचा इथला कारभार पुरती तीन वर्षेही चालला नाही. गावाला पुढे त्यांचेच नाव मिळाले, याचे बरेचसे श्रेय वॉशिंग्टन आयर्विंग या लेखकाला द्यायला हवे. अ‍ॅस्टरच्या सांगण्यावरून त्याने या मोहिमेवर १८३६ मध्ये ‘अ‍ॅस्टोरिया’ नावाचे पुस्तक लिहिले आणि ते गाजले.

गढी बांधणारे हात मात्र स्कॉटिश कारकुनांचे, फ्रेंच-कॅनेडियन नावाड्यांचे आणि वाटेत हवाई बेटांवरून घेतलेल्या मजुरांचे होते. आणि ते सगळे तगले ते चिनूक आणि क्लॅटसॉप लोकांच्या जिवावर. मुखाच्या दोन्ही तीरांवर या लोकांची गावे होती. मोठमोठ्या देवदार वृक्षांच्या खोडांतून कोरलेल्या होड्या, सुकवलेला सॅमन मासा आणि दूरवर पसरलेला व्यापार हे त्यांचे वैभव. निरनिराळ्या जमातींत देवघेव करायला त्यांची एक मिश्र बाजारभाषा होती, तीत पुढे फ्रेंच आणि इंग्रजी शब्दही मिसळले. त्यांचा पुढारी कॉनकॉमली एका डोळ्याने अधू होता आणि सौद्यात पक्का. त्याने आपल्या मुली गोऱ्या व्यापाऱ्यांना देऊन सोयरिकी जुळवल्या. १८३० च्या सुमारास तापाची साथ आली आणि या खोऱ्यातली गावेच्या गावे ओस पडली. कॉनकॉमलीही त्यातच गेला. त्यानंतर जे झाले ते वाचून आजही शिसारी येते. एका ब्रिटिश डॉक्टरने त्याच्या थडग्यातून मुंडके काढून ‘अभ्यासासाठी’ इंग्लंडला पाठवले. ती कवटी अमेरिकेत परत येऊन अखेर १९७२ मध्ये मातीत गेली.

याच कॉनकॉमलीचा नातू रॅनल्ड मॅक्डॉनल्ड १८२४ मध्ये गढीत जन्मला. वडील स्कॉटिश, आई चिनूक. मोठेपणी तो देवमाशांची शिकार करणाऱ्या जहाजावर चढला आणि १८४८ मध्ये जपानजवळ मुद्दाम एका छोट्या होडीतून उतरला. परक्यांना बंदी असलेल्या देशात जाऊन पाहायचे, एवढाच हेतू. जपान्यांनी त्याला पकडून नागासाकीला नेले आणि कोठडीतल्या त्या कैद्याकडून आपले चौदा दुभाषे इंग्रजी शिकून घेतले. काही वर्षांनी अमेरिकन आरमार घेऊन पेरी जपानच्या दारात उभा राहिला, तेव्हा वाटाघाटींत मॅक्डॉनल्डचा एक शिष्य मोरियामा दुभाष्या होता. जपानमधला इंग्रजीचा पहिला मास्तर म्हणून मॅक्डॉनल्डचे नाव घेतले जाते. त्याच्या जन्मस्थळी आज इंग्रजी आणि जपानीत कोरलेला दगड आहे.

कातड्यांचा धंदा ओसरला आणि सॅमनचे दिवस आले. १८६६ मध्ये नदीवर पहिला डबाबंदीचा कारखाना निघाला. पुढच्या वीस वर्षांत काठावर तीसहून अधिक कारखाने उभे राहिले आणि त्यांतले निम्म्याहून जास्त अ‍ॅस्टोरियात किंवा आसपास. समुद्रातून अंडी घालायला नदीत चढणारा चिनूक सॅमन वजनाला वीस-पंचवीस किलोही भरे. रात्री लहान शिडाच्या होड्यांतून पडद्यासारखी लांब जाळी सोडायची, ओहोटीबरोबर वाहत मुखाकडे जायचे, आणि बारच्या तोंडाशी पोचण्याआधी जाळे ओढून माघारी फिरायचे. लोभाने दोन हात जास्त पुढे गेलेला परत येईलच असे नसे. १८८० मधल्या एका मे महिन्याच्या वादळात अशा किती होड्या उलटल्या याचा नेमका हिशेबही लागला नाही.

मासा पकडणारे गोरे आणि मासा कापणारे चिनी, अशी वाटणी होती. १८८० च्या जनगणनेत या परगण्यात दोन हजारांवर चिनी माणसे होती, म्हणजे एकूण वस्तीच्या जवळपास एक तृतीयांश. काम कंत्राटावर. चिनी मुकादम हंगामाची टोळी पुरवी, दर डब्यांच्या पेट्यांवर ठरे. सुऱ्या चालवण्यात तरबेज कारागीर दिवसाला शेकडो मासे साफ करी : डोके, शेपटी, पर, पोट, एका दमात. पाण्यावर खांब रोवून बांधलेल्या त्या कारखान्यांच्या फळ्यांतून सगळी घाण थेट नदीत जाई आणि गावावर कायम तो वास. १८८२ मध्ये चिनी मजुरांना अमेरिकेत येण्यास बंदी घालणारा कायदा झाला. टोळ्या म्हाताऱ्या होत गेल्या, आणि १९०० नंतर मासा कापणारे यंत्र आले, त्याला विक्रेत्यांनी चिन्यांना दिली जाणारी शिवीच नाव म्हणून दिली. ज्यांच्या पोटावर पाय आला त्यांचीच टिंगल. गावाने चिनी मजुरांच्या आठवणीसाठी एक बाग केली ती २०१४ मध्ये.

मासेमारीच्या होड्या हळूहळू फिनलंडहून आलेल्यांच्या हाती गेल्या. आजच्या मोठ्या पुलाच्या पायथ्याशी असलेला युनियनटाउन हा त्यांचा मोहल्ला. तिथे वाफेच्या स्नानगृहांपासून वाचनालयापर्यंत सगळे त्यांचे स्वतःचे होते. कारखानदार माशाला भाव देत नाहीत म्हणून १८९६ मध्ये मोठा संप झाला, राज्याचे सैनिक आले, आणि संप फसल्यावर मच्छीमारांनी काय करावे? त्यांनी आपलाच सहकारी डबाबंदी कारखाना काढला. सहकाराच्या मातीत वाढलेल्या मराठी वाचकाला याचे मोल वेगळे सांगायला नको. फिन्नांत दोन तट होते, चर्चवाले आणि समाजवादी. समाजवाद्यांनी १९११ मध्ये पाच मजली सभागृह बांधले. त्यात नाटके, गाणी, व्यायाम आणि भाषणे चालत. त्यांचे ‘तोवेरी’ हे दैनिक आणि बायकांसाठीचे ‘तोवेरितार’ हे साप्ताहिक दोन्ही अ‍ॅस्टोरियातून निघत. एवढ्याशा गावातून बायकांचे समाजवादी पत्र, तेही फिनिश भाषेत!

याच सभागृहात आपली गोष्ट येते.

विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात पंजाबी माणसे कॅनडा आणि अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर उतरू लागली. कर्जाने पिचलेले शेतकरी, ब्रिटिश फौजेतून निवृत्त झालेले शिपाई. लाकूड गिरण्यांत आणि रेल्वेवर काम मिळे, आणि मारही मिळे. सप्टेंबर १९०७ मध्ये वॉशिंग्टन राज्यातल्या बेलिंगहॅम इथे गोऱ्या जमावाने त्यांच्या खोल्यांत घुसून त्यांना गावाबाहेर हाकलले. दोन महिन्यांत एव्हरेट इथेही तेच. १९१० मध्ये पोर्टलंडशेजारच्या सेंट जॉन्समध्ये दंगल झाली. अ‍ॅस्टोरियात मात्र ही माणसे टिकून राहिली. गावाच्या पूर्वेला आल्डरब्रुक भागात हॅमंड कंपनीची प्रचंड लाकूड गिरणी होती. तिच्या आसपास शंभरेक हिंदी मजूर राहत. धर्माने बहुतेक शीख, पण गावकरी सगळ्यांना ‘हिंदू’च म्हणत, आणि त्यांच्या वस्तीच्या गल्लीलाही तेच नाव पडले. गोरे काय किंवा आपली माणसे काय, कुस्तीचे वेड दोघांनाही. पंजाबी मल्लांच्या कुस्त्या पाहायला गाव लोटे. हिंदी मजूर इथे आपले हिशेब कोर्टात नेत, घरे भाड्याने घेत. एकटे पुरुषच जास्त, पण एखादे कुटुंबही होते. पुढे लेखिका झालेल्या करतार ढिल्लन यांचे लहानपण या गिरणीच्या परिसरात गेले.

जोहाना ऑग्डेन या इतिहासकाराने अलीकडच्या काळात ही विसरलेली कहाणी कागदपत्रांतून खणून काढली. तिचे म्हणणे पटण्यासारखे आहे : इंग्रजांविरुद्ध सशस्त्र उठाव करू पाहणारी गदर चळवळ ऑरेगॉनमध्ये उभी राहिली हा योगायोग नव्हता. जिथे रोज रात्री जीव मुठीत धरून झोपावे लागते तिथे संघटना बांधता येत नाही. अ‍ॅस्टोरियात कामाची शाश्वती होती, थोडी उसंत होती, आणि शेजारी सभा कशी भरवावी, वर्गणी कशी गोळा करावी, वर्तमानपत्र कसे चालवावे हे जाणणारे फिन्नी कामगार होते.

१९१३ च्या वसंतात कोलंबियाच्या काठाने, एका गिरणीवरून दुसऱ्या गिरणीवर, हिंदी मजुरांच्या बैठका झाल्या. पोर्टलंडच्या गिरणीत काम करणारे सोहनसिंग भकना, कंत्राटदार पंडित काशीराम आणि कॅलिफोर्नियाहून बोलावलेले लाला हरदयाळ यांनी त्यात पुढाकार घेतला. मे महिन्याच्या अखेरीस अ‍ॅस्टोरियातल्या फिनिश समाजवाद्यांच्या सभागृहात हरदयाळांचे जाहीर व्याख्यान झाले. या बैठकांतून ‘पॅसिफिक कोस्ट हिंदुस्तान असोसिएशन’ आकाराला आली. भकना अध्यक्ष, हरदयाळ चिटणीस, काशीराम खजिनदार, आणि अ‍ॅस्टोरियाचे केसरसिंग उपाध्यक्ष. त्याच वर्षी १ नोव्हेंबरला सॅन फ्रान्सिस्कोहून ‘गदर’चा पहिला अंक उर्दूत निघाला आणि संघटनेला पत्राचेच नाव चिकटले. पुस्तकांत गदरचा पत्ता सॅन फ्रान्सिस्को असाच सापडतो. छापखाना तिथे होता हे खरे. पण वर्गणी देणारे हात ऑरेगॉनच्या गिरण्यांत करवतीपुढे उभे होते.

यात मराठी माणसेही होती. वर्ध्याचे पांडुरंग सदाशिव खानखोजे त्या काळात ऑरेगॉनमधल्या कॉर्व्हालिसच्या कृषी महाविद्यालयात शिकत होते, आणि पोर्टलंड परिसरातल्या मजुरांत काशीरामांच्या साथीने त्यांनी संघटनेचे काम हरदयाळ येण्याच्या आधीच सुरू केले होते. गदरमध्ये त्यांच्याकडे लष्करी बाजू आली. पुढे इराणातल्या लढाया, मग मेक्सिको, आणि तिथे मक्याच्या वाणांवर संशोधन करणारे कृषिशास्त्रज्ञ म्हणून नाव. दिएगो रिव्हेरा या चित्रकाराने त्यांना आपल्या भित्तिचित्रातही घेतले. १९६७ मध्ये ते नागपूरला वारले. पुणे जिल्ह्यातल्या तळेगाव ढमढेरेचा विष्णू गणेश पिंगळे हाही अमेरिकेतून गदरवाल्यांबरोबर परतला. मेरठच्या छावणीत बाँबसह पकडला गेला आणि नोव्हेंबर १९१५ मध्ये लाहोरच्या तुरुंगात करतारसिंग सराभासोबत फासावर गेला.

ऑगस्ट १९१४ मध्ये महायुद्ध पेटताच उठावाची हीच वेळ म्हणून माणसे हिंदुस्तानाकडे निघाली. अ‍ॅस्टोरियातून दक्षिणेकडे जाणाऱ्या गाड्या आणि बोटी हिंदी मजुरांनी भरून जात आहेत, अशी बातमी स्थानिक वृत्तपत्रात आली. लाकूड कापून चार पैसे गाठीला बांधलेली ही माणसे ते सोडून उठली. उठाव फसला. काशीराम फाशी गेले. भकनांची फाशी जन्मठेपेवर आली आणि त्यांनी अंदमानात व इतर तुरुंगांत सोळा वर्षे काढली. केसरसिंगही अंदमानात गेले. मागे राहिलेल्यांना अमेरिकेने वेगळा फटका दिला. ऑरेगॉनच्या गिरण्यांत काम करून शिकलेल्या, महायुद्धात अमेरिकेच्या सैन्यात गेलेल्या भगतसिंग थिंड यांना मिळालेले नागरिकत्व फेब्रुवारी १९२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने काढून घेतले. हिंदी माणूस ‘गोरा’ नाही, सबब तो नागरिक होऊ शकत नाही, असा निकाल.

अ‍ॅस्टोरियासाठी त्याआधीचे वर्षच काळे ठरले. १९२२ मध्ये हॅमंडची गिरणी जळाली आणि ती पुन्हा उभी राहिली नाही; हिंदी मजूर पांगले. त्याच साली ऑरेगॉनभर कू क्लक्स क्लॅन या गोऱ्या वर्चस्ववादी संघटनेचा जोर होता. अ‍ॅस्टोरियात त्यांचा रोख मुख्यतः कॅथलिकांवर आणि परदेशांतून आलेल्यांवर, आणि नोव्हेंबरच्या निवडणुकीत क्लॅनच्या पाठिंब्याचे उमेदवार निवडून आले. आणि ८ डिसेंबरच्या पहाटे बाजारपेठेला आग लागली. हे सगळे मध्यवर्ती गाव पाण्यावर खांब रोवून, वर फळ्यांचे रस्ते टाकून बांधलेले होते. आग वर विझवत राहिले आणि ती रस्त्यांच्या खालून, डांबर फासलेल्या खांबांवरून पुढे सरकत गेली. सुरुंग लावून इमारती पाडल्या, तरी तीसच्या आसपास चौक राख झाले. गाव पुन्हा बांधले ते काँक्रीटमध्ये, पण जमीन भरून काढण्याऐवजी पदपथांखाली पोकळ बोगदे ठेवून, त्यातून नळ आणि तारा नेऊन. आजही बाजारातल्या पदपथावर चालणाऱ्याच्या पायाखाली ती पोकळी असते.

पुढचा इतिहास झटपट सांगता येतो. नदीवर धरणे झाली, १९३८ मध्ये बॉनव्हिल आणि मग ग्रँड कूली, आणि सॅमनची वाट अडली. कारखाने ट्यूना माशाकडे वळले. ‘बंबल बी’ हा अमेरिकेतल्या घराघरांत पोचलेला डबाबंद ट्यूनाचा छाप मूळ अ‍ॅस्टोरियाचा. त्याचा इथला कारखाना १९८० मध्ये बंद झाला. लाकूडही आटत गेले. १९६६ मध्ये नदीवर साडेसहा किलोमीटरचा पूल झाला तेव्हा ‘कुठेही न जाणारा पूल’ म्हणून त्याची थट्टा झाली होती. आज त्याच्यावरून लॉस एंजेलिसपासून वॉशिंग्टन राज्यात जाणारा किनारी महामार्ग अखंड जातो.

एक किस्सा मात्र सांगितल्यावाचून राहवत नाही. १९४८ च्या नोव्हेंबरात दोनशे किलोमीटरवरच्या सिअ‍ॅटलमध्ये दूरचित्रवाणी केंद्र सुरू झाले. मध्ये डोंगर, त्यामुळे अ‍ॅस्टोरियात चित्र दिसण्याचा प्रश्नच नव्हता. एड पार्सन्स या रेडिओ केंद्रवाल्याला त्याच्या बायकोने टीव्ही घ्यायला लावला होता. त्याने गावभर हिंडून लहर कुठे सापडते ते शोधले आणि अ‍ॅस्टोरिया हॉटेलच्या गच्चीवर अँटेना लावून तिथून घरापर्यंत वायर ओढली. घरात बघ्यांची एवढी गर्दी होऊ लागली की सुटका करून घ्यायला त्याने शेजाऱ्यांनाही वायर जोडून दिली. केबल टीव्हीच्या जन्मावर पेनसिल्व्हेनियातले लोकही हक्क सांगतात. अ‍ॅस्टोरियाने वाद न घालता टेकडीवर स्मारक उभारून टाकले.

आताचे गाव पर्यटनावर जगते. १९८५ च्या ‘द गूनीज’ या सिनेमाचे चित्रण इथे झाले. त्याचे चाहते अजून गर्दी करतात, आणि त्यात दिसलेल्या जुन्या तुरुंगात सिनेमाचे संग्रहालय आहे. १९९८ पासून दर फेब्रुवारीत मच्छीमार कवींचा मेळावा भरतो. जाळी ओढणारी माणसे बारमध्ये, म्हणजे इथे दारूच्या गुत्त्यात, उभे राहून आपल्या कविता म्हणतात. बंदरातल्या धक्क्यांवर समुद्रसिंहांनी ठिय्या मांडला आहे. २०१५ मध्ये त्यांना घाबरवायला फायबरचा भलामोठा नकली मारेकरी देवमासा आणला गेला. तो भर बंदरात उलटला आणि समुद्रसिंह जागचे हललेही नाहीत.

जुन्या धंद्यांपैकी एकच अजून तसाच चालू आहे, जहाजांना बार पार करून देण्याचा. १८४६ पासून इथे परवानाधारक पायलट आहेत. पायलट म्हणजे वाटाड्या नाविक. नदीत येणारे वा बाहेर जाणारे प्रत्येक मोठे परदेशी जहाज बारवरून त्यांनीच न्यायचे, असा नियम. जहाज थांबत नाही. अंधारात, पावसात, लहान बोट त्याच्या पोलादी भिंतीला घासत धावते. वरून दोरशिडी लोंबत असते. लाट बोटीला सगळ्यांत वर उचलते तो क्षण हेरून शिडी पकडायची आणि पुढची लाट पाय गाठण्याच्या आत वर चढायचे. हवा फारच बिघडली तर हेलिकॉप्टरमधून दोराने थेट डेकवर सोडतात. बारवरून गहू, सोयाबीन, मोटारी जात-येत असतात. त्यांतले फारच थोडे अ‍ॅस्टोरियात थांबते. जहाजे गावासमोर नांगर टाकून पोर्टलंडची वाट पाहत उभी राहतात.

टेकडीच्या माथ्यावर १९२६ मध्ये उभारलेला अ‍ॅस्टोरिया स्तंभ आहे, १६४ पायऱ्यांचा. रेल्वे कंपनीने आणि अ‍ॅस्टरच्या पणतूचा मुलगा व्हिन्सेंट याने त्याला पैसा दिला. बाहेरून गुंडाळल्यासारखी चित्रांची पट्टी वर चढत जाते. तीत १७९२ मध्ये नदीत शिरलेला कप्तान ग्रे आहे, लुईस आणि क्लार्क आहेत, टॉनक्विन आहे, शेवटी रेल्वे आहे. सुऱ्या चालवणारे चिनी, संप करणारे फिन्न, गिरणीतले शीख यांना तीत जागा नाही. गदरच्या शताब्दीनिमित्त ऑक्टोबर २०१३ मध्ये शहराने अधिकृत सोहळा केला, भारतीय वंशाची माणसे दूरदूरून आली आणि स्मरणफलक बसला. चिनूकांचे काम अजून अर्धवटच आहे. अमेरिकन सरकारने त्यांच्या राष्ट्राला जानेवारी २००१ मध्ये दिलेली मान्यता दीड वर्षात परत घेतली, आणि ती पुन्हा मिळवण्यासाठी ते तेव्हापासून भांडत आहेत.

पोर्टलंडला नातेवाइकांकडे जाणारे मराठी लोक आता पुष्कळ आहेत. तिथून अ‍ॅस्टोरिया मोटारीने दोन तासांवर आहे. स्तंभावर चढलात तर समुद्र आणि पूल सगळेच पाहतात. तुम्ही उलट्या दिशेला, पूर्वेकडे पाहा. नदीकाठच्या त्या शांत वस्तीत गिरणी होती.